ट्रॅक्टरचा एक डोळा मिटला तर



उसाचा हंगाम आला की ट्रॅक्टर रात्री-अपरात्री रस्त्यावर असतो. त्याचा एकच दिवा लागत असेल, तर समोरून येणाऱ्याला ती मोटारसायकल वाटते. मागची रुंद ट्रॉली ध्यानात येत नाही. म्हणून ‘उद्या बघू’ म्हणू नका. पुष्कळदा दोष घरीच सापडतो.

दोन्ही दिवे बंद असतील तर आधी फ्यूज पाहा. जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवा. तांब्याची तार गुंडाळू नका. फ्यूज उडणार नाही, पण वायरिंग पेट घेईल. नवा फ्यूजही उडाला, तर एखादी वायर घासून बॉडीला टेकली आहे का ते शोधा.

एकच दिवा बंद असेल तर दोन्हीकडचे बल्ब अदलाबदल करून पाहा. दोष बल्बबरोबर सरकला तर बल्ब गेला. जागेवरच राहिला तर होल्डर व वायर तपासा. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाच्या तेलकटपणाने तो लवकर जातो.

दिवा मंद लागत असेल तर त्याच्या अर्थच्या टोकापासून बॅटरीच्या ऋण टोकाला जादा वायर लावून पाहा. उजेड वाढला, तर अर्थचा नट सोडून गंज पॉलिश पेपरने घासून काढा. मात्र वायरी सोडण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवा.

एवढे करूनही दिवा लागला नाही, तर जाणकाराला दाखवा. तोवर ती खेप सकाळीच करा.