चौदा विमानं आणि आडवा आलेला कायदा

बालमित्रांनो, संध्याकाळी दिलेलं पार्सल दुसऱ्या दिवशी सकाळी हजार मैलांवरच्या गावात पोचलं, तर आज कुणी भुवयासुद्धा उंचावत नाही. पण 1970 च्या सुमारास अमेरिकेतही हे जमत नव्हतं. तिथे विमानं नव्हती का? होती की! पण पार्सलं जायची प्रवासी विमानांच्या पोटातून. प्रवासी फिरणार दिवसा, त्यांना हवं तिथे. पार्सलं पडून राहायची.

ही गोष्ट बदलली फ्रेड स्मिथ नावाच्या माजी सैनिकाने. त्यांचा जन्म 1944 चा, मिसिसिपी राज्यातला. फ्रेड चार वर्षांचा असताना वडील गेले. लहानपणी हाडांच्या दुखण्यामुळे तो कुबड्या घेऊन चालायचा. पुढे बरा झाला आणि पंधराव्या वर्षी चक्क विमान चालवायला शिकला! घर मात्र पैसेवाल्यांचं होतं बरं का. वडिलांनी बसगाड्यांची कंपनी काढली होती. गरिबीतून वर आलेल्या मुलाची ही गोष्ट नाही, हे आधीच सांगून टाकते.

येल विद्यापीठातून पदवी घेऊन स्मिथ मरीन दलात अधिकारी झाले आणि दोनदा व्हिएतनामच्या युद्धावर गेले. आधी पायदळाची तुकडी सांभाळली, नंतर विमानातून खालच्या सैनिकांना मदत पोचवण्याचं काम केलं. 'सिल्व्हर स्टार' हे शौर्यपदक मिळालं, जखमाही झाल्या. माणसं सांभाळायला आपण सैन्यातच शिकलो, असं ते पुढे नेहमी सांगत. आणखी एक गोष्ट त्यांनी तिथे जवळून पाहिली. माल भरपूर असतो, पण हवा तिथे, हवा तेव्हा नसतो!

1971 मध्ये त्यांनी 'फेडरल एक्सप्रेस' कंपनी काढली. तिची कल्पना समजायला वही-पेन्सिल घ्या. पंचवीस गावं आहेत. प्रत्येक गावातून दुसऱ्या प्रत्येक गावी थेट विमान न्यायचं, तर किती वाटा लागतील? 25 गुणिले 24, भागिले 2. म्हणजे 300! आता त्यांतलं एकच गाव मध्यभागी धरा आणि सगळी पार्सलं आधी तिथे आणा. वाटा उरल्या फक्त 24. म्हणजे पुण्याचं पार्सल नाशिकला जायचं असलं, तरी आधी नागपूरला जाणार! ऐकायला वेडेपणा वाटतो ना? स्मिथ यांचं नागपूर म्हणजे मेंफिस शहर. रात्री सगळी विमानं तिथे उतरणार, पार्सलं निवडली जाणार, पहाटे विमानं परत उडणार.

17 एप्रिल 1973 च्या रात्री 14 छोटी विमानं निघाली. 25 शहरांसाठी पार्सलं किती? 186! आपल्या शाळेच्या दोन-तीन वर्गांची दप्तरं मोजली तरी जास्त भरतील. पहिल्या 26 महिन्यांत कंपनीचं सुमारे 2 कोटी 90 लाख डॉलरचं नुकसान झालं. एकदा तर खात्यात पाच हजार डॉलर उरले, तेव्हा स्मिथ लास व्हेगासला जाऊन पत्त्यांच्या जुगारात 27 हजार जिंकून आले. हा किस्सा मोठी माणसं फार रंगवून सांगतात. हरले असते, तर कोणी सांगितला असता का?

खरी अडचण पुढेच होती. पार्सलं वाढली, पण विमानं मोठी घेता येईनात. का? कायदा! कोणत्या विमान कंपनीने कुठून कुठे उडायचं, हे तिथलं एक सरकारी मंडळ ठरवायचं. सुमारे 3,400 किलोपर्यंतच माल नेणाऱ्या लहान विमानांना तेवढी सूट होती. म्हणून तर स्मिथ यांनी बड्या साहेबांच्या प्रवासासाठी बनवलेली फ्रेंच 'फाल्कन' विमानं घेऊन त्यांना मालासाठी मोठे दरवाजे बसवले होते. गर्दीच्या शहरांकडे एका मोठ्या विमानाऐवजी अनेक फाल्कन एकाच रात्री पाठवावी लागत. इंधन किती, वैमानिक किती!

मग स्मिथ थेट वॉशिंग्टनला गेले. अमेरिकेच्या संसदेला 'काँग्रेस' म्हणतात (आपल्याकडच्या पक्षाशी घोळ करू नका). तिथल्या सभासदांना भेटायचं, आपली बाजू पटवायची, कायदा बदलून घ्यायचा, याला 'लॉबिंग' म्हणतात. नोव्हेंबर 1977 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि मालवाहू विमानांवरची बंधनं सुटली. स्मिथ यांनी लगेच मोठी बोइंग 727 विमानं घेतली. पण दार एकट्या त्यांच्यासाठी उघडलं नव्हतं. प्रतिस्पर्ध्यांनाही तीच मोकळीक मिळाली. मला हे आवडतं.

सगळंच आवडतं असं नाही. 1996 मध्ये याच कंपनीने पुन्हा काँग्रेसमध्ये जोर लावला. या वेळी मागणी अशी, की आमच्या कामगारांना रेल्वे आणि विमान कंपन्यांसाठीचा जुना कामगार कायदाच लागू राहावा. त्या कायद्याने एका गावातल्या कामगारांना आपली वेगळी संघटना करता येत नाही. एका प्रकारचं काम करणाऱ्या देशभरातल्या सगळ्यांनी मिळून मतदान करावं लागतं. कामगारांना ते फार अवघड जातं. सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी कडाडून विरोध केला, तरी कंपनीचं म्हणणं मान्य झालं. कंपनी म्हणे, एका गावात काम थांबलं तर सगळ्या देशाची पार्सलं अडकतील. कामगार म्हणत, मग आमचं गाऱ्हाणं ऐकणार कोण? मुलांनो, घरी आई-बाबांना विचारा, त्यांना कोणाचं पटतं. कदाचित दोघांचं उत्तर वेगळं येईल!

पुढे स्मिथ यांनी आणखी एका गोष्टीसाठी वॉशिंग्टनच्या खेपा घातल्या. गाड्यांनी तेल कमी प्यावं, देशाने परक्या तेलावर कमी विसंबावं, ही मागणी. या कामी मरीन दलाचे निवृत्त प्रमुख जनरल केली त्यांच्या जोडीला होते. 2007 मध्ये तसा कायदा झाला.

2022 मध्ये त्यांनी कंपनीचं मुख्याधिकारीपद सोडलं. 21 जून 2025 रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी ते वारले. त्यांच्या पहिल्या फाल्कन विमानाचं नाव 'वेंडी', त्यांच्या मुलीचं. ते आता वॉशिंग्टनजवळच्या विमान-संग्रहालयात ठेवलं आहे. तिथली मोठमोठी विमानं पाहता पाहता ते सहज नजरेतून सुटेल, इतकं लहान आहे.