इथे शिकार कुठे मिळते?

पोस्टिंग बदलली की फौजीचे प्रश्न ठरलेले असतात. क्वार्टर कधी मिळणार, मुलांची शाळा किती लांब, गावाकडची गाडी कुठून पकडायची, फोनला नेटवर्क आहे का. अलीकडे त्यात आणखी एक प्रश्न आला आहे. ट्रंकेसोबत कंपाउंड धनुष्य घेऊन आलेला एखादा पठ्ठ्या चहाच्या वेळी हळूच विचारतो, "साहेब, इथे आसपास काही मिळतं का? रानडुक्कर, भेकर?"

माझं उत्तर प्रत्येक ठिकाणी एकच असतं. मिळत नाही, आणि शोधायचंही नाही. त्यावर जी कारणं पुढे येतात ती वाळवंटापासून अरुणाचलपर्यंत मी इतक्यांदा ऐकली आहेत की आज त्यांचा एकदाच हिशोब करतो.

पहिलं कारण: "बंदूक थोडीच आहे साहेब, धनुष्य आहे." वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. तो हत्यार बघत नाही, कृती बघतो. मारणं, जखमी करणं, पकडणं, फासे लावणं, हाका घालणं, आमिष ठेवणं, आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, या सगळ्याला कायद्यात शिकारच म्हटलं आहे. म्हणजे बाण चुकला तरी गुन्हा झालाच. पूर्वी परवाने मिळत, ते 1991 च्या दुरुस्तीने गेले. आज रानडुकरासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. काळवीट, चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत, तिथे कैद तीन वर्षांपासून सुरू होते आणि सातपर्यंत जाते. आणि फौजीला शिक्षा झाली की प्रश्न नुसत्या कैदेचा राहत नाही. नोकरी आणि पेन्शनही पणाला लागते. एका डुकरासाठी वीस वर्षांची नोकरी पणाला लावणाऱ्याला शूर म्हणायचं की आणखी काही, ते ज्याचं त्याने ठरवावं.

कायदा बाजूला ठेवून हत्यारापुरतं बोलू. गोळी धक्का देते, बाण कापतो. बाणाने जनावर मरतं ते रक्त जाऊन. नेम अचूक बसला तरी ते धावत सुटतं, मग रक्ताचा माग काढत जावं लागतं. नेम पोटात बसला तर ते झाडीत जाऊन तासन् तास तडफडतं, आणि मारणारा हात झटकून परत येतो. ज्या देशांत धनुष्याने शिकार चालते तिथले जाणते शिकारी म्हणूनच वीस-तीस मीटरच्या आत आल्याशिवाय बाण सोडत नाहीत. इथे सहा महिने गवताच्या पेंढीवर सराव केलेला गडी नव्या मुलखात, न ओळखीच्या जंगलात, संध्याकाळच्या अंधुक उजेडात नेम धरणार. याला मर्दानगी म्हणत असाल तर आपला रामराम.

दुसरं कारण: "अमेरिकेत तर सर्रास चालतं." चालतं, खरं आहे. पण व्हिडिओत फक्त बाण दिसतो, त्यामागची व्यवस्था दिसत नाही. तिथे राज्य सरकार हरणांच्या संख्येचा अंदाज घेतं, हंगाम ठरवतं, कुणी किती मारायची ते ठरवतं. लायसन्स लागतं, बऱ्याच ठिकाणी त्याआधी शिक्षण घ्यावं लागतं. 1937 च्या एका कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखला, पुढे धनुष्यबाणही त्यात आले. तिथला माणूस नव्या गावी राहायला गेला की नकाशा घेऊन सरकारी जमीन शोधतो, नाहीतर शेतकऱ्याचं दार ठोठावून परवानगी मागतो. म्हणजे त्या प्रश्नाला तिथे कायदेशीर उत्तर आहे. आपल्याकडे ते उत्तर नाही, कारण आपण शिकारीचा हिशोब आधीच करून बसलो आहोत. 1947 साली कोरिया संस्थानच्या महाराजांनी तीन चित्ते मारले. भारतातल्या शेवटच्या चित्त्यांत त्यांची गणना होते. 1952 मध्ये चित्ता देशातून संपल्याचं जाहीर झालं. ज्या घरात एकदा आग लागली तिथे काडेपेटी जपून ठेवतात.

तिसरं कारण ईशान्येत हमखास ऐकू येतं: "इथले लोक करतातच की." म्हणून आपणही करायचं? निकोबारमधल्या जमातींना 1967 च्या अधिसूचनेने दिलेले शिकारीचे हक्क कायद्याने शाबूत ठेवले आहेत. ते त्यांचे आहेत, तुमचे-माझे नाहीत. 2006 च्या वनहक्क कायद्यात मात्र जंगलावरचे कितीतरी हक्क मान्य झाले, पण शिकारीचा हक्क स्पष्टपणे वगळला. आणि "इथले लोक" म्हणताना तेच लोक काय करून बसले आहेत तेही बघा. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ पांगती गाव आहे. 2012 मध्ये तिथे हजारो अमूर ससाणे जाळ्यांत पकडले जात असल्याचं जगाने पाहिलं. पुढच्याच हंगामात गावाने जाळी उतरवली. अरुणाचलात न्यीशी लोकांच्या टोपीवर धनेशाची चोच हा मानाचा दागिना, तिथे अनेकांनी फायबरची चोच लावायला सुरुवात केली. पिढ्यान् पिढ्यांची रीत त्यांनी बदलली. आणि दोन-तीन वर्षांसाठी आलेला आपला पाहुणा म्हणतो, लोकल रीत आहे साहेब!

राजस्थानात पोस्टिंग असलेल्यांनी तर बिष्णोई गावाच्या वेशीवर डोकं थंड ठेवावं. 1730 मध्ये खेजडलीला झाडं वाचवताना 363 माणसांनी प्राण दिले. 1996 मध्ये बिकानेर भागात निहालचंद बिष्णोई शिकाऱ्यांना अडवताना मारला गेला. त्याला मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं. अंगावर वर्दी नसलेल्या माणसाला! ज्या जनावरासाठी एका नागरिकाला शौर्यचक्र मिळतं, त्याच जनावरावर फौजी बाण रोखत असेल तर त्या गावाने आपल्याला सलाम का ठोकावा?

चौथं कारण खरं आहे, म्हणून त्याला खरं उत्तर द्यायला हवं. रानडुकरं उभं पीक लोळवतात. मी शेतकऱ्याच्या घरातला आहे, भुईमुगाच्या शेताची एका रात्रीत काय दशा होते ते मला सांगायला नको. पण त्यासाठी कायद्यात वाट आहे. माणसाला किंवा पिकाला धोका असेल तर अधिकृत वन अधिकारी लेखी हुकूम काढून ठराविक जनावर मारायची परवानगी देऊ शकतो. 2016 मध्ये बिहारात मोकामा भागात सरकारनेच बाहेरून नेमबाज आणून नीलगायी मारल्या. त्यावर वाद झाला, व्हायलाच हवा होता, पण ते काम आदेशाने झालं. शेतकऱ्याचं दुःख पुढे करून स्वतःची हौस भागवणं ही शेतकऱ्याचीही फसवणूक आहे.

राहिलं शेवटचं कारण, जे कुणी तोंडाने बोलत नाही: कोण बघतंय? पोस्ट दूर, वनखात्याचा गार्ड त्याहून दूर, आणि नाक्यावर फौजी गाडी सहसा कुणी अडवत नाही. माझा राग इथे आहे. गाडी अडवत नाहीत, कारण लोकांचा वर्दीवर भरवसा आहे. तो भरवसा डिकीत भेकर लपवायला वापरायचा नसतो. डेहराडूनला 1982 मध्ये 127 इको टास्क फोर्स उभी राहिली, माजी सैनिकांनी मसुरीचे उघडे डोंगर हिरवे केले. मराठवाड्यात महार रेजिमेंटची 136 इको बटालियन झाडं लावते. निवृत्त सुभेदार कुदळ घेऊन जंगल उभं करतोय आणि भरती होऊन पाच वर्षं न झालेला त्यात शिकार शोधतोय!

मग धनुष्य ट्रंकेत ठेवायचं का? मुळीच नाही. प्रश्न बदला. नव्या जागी गेल्यावर विचारा, "साहेब, इथे बाण चालवायला जागा कुठे आहे?" हा प्रश्न विचारलात तर मी तुमच्या बाजूने कमांडिंग ऑफिसरपर्यंत येईन. कंपाउंडला 50 मीटर, रिकर्व्हला 70 मीटर, मागे मातीचा उंच बंधारा आणि लाल झेंडा. ज्या स्टेशनवर गोल्फची हिरवळ राखता येते तिथे एवढी पट्टी निघत नाही, हे मला कुणी पटवून द्यावं. जंगलाची ओढ असेल तर थ्री-डी तिरंदाजी आहे. झाडीत फोमची हरणं, डुकरं उभी करतात, अंतर सांगत नाहीत, तुम्ही चालत जाऊन अंदाज घेऊन बाण सोडायचा. त्याची जागतिक स्पर्धाही होते. माग, वारा, चढ-उतार सगळं त्यात आहे, फक्त रक्त नाही.

फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव फौजेत आला आणि टोकियो ऑलिंपिकला गेला. 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडमध्ये जगज्जेते झाले. या तिघांच्या बाणांनी कागदच फाडला, आणि देशभर नाव झालं. नेमाची खुमखुमी असेल त्याने त्यांच्या गुणांशी झुंजून दाखवावं.

माजी सैनिकांना एक विनंती. मेसच्या भिंतीवरचं जुनं शिंग दाखवून नव्या पोरांना शिकारीच्या गोष्टी सांगताना शेवटी एक वाक्य जोडा: तो काळ गेला, आणि गेला ते बरं झालं. तुमचं ते ऐकतात. माझ्यापेक्षा जास्त ऐकतात.