विमा आणि रुग्णालय

सरकारने रुग्णालये चालवावीत की खाजगी रुग्णालयांची देयके भागवावीत, हा वाद मुंबई-पुण्याच्या सभागृहांतून अधूनमधून रंगत असतो. पांढरकवड्यास उभे राहून तो ऐकला तर त्याचा रंग पालटतो. नागपूर-हैदराबाद महामार्गावरील ह्या कापसाच्या गावापासून यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे ७० किलोमीटर दूर आहे. नागपूरची नामांकित खाजगी रुग्णालये त्याच्या दुप्पट अंतरावर.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना शेकडो शेतकऱ्यांना व मजुरांना विषबाधा झाली; वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांतील पुष्कळांना आसरा मिळाला तो यवतमाळच्या शासकीय रुग्णालयातच. विषबाधा किती खोल गेली हे दाखविणारी कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी मात्र त्या वेळी तेथे होत नव्हती. अशा पुष्कळशा विषांवर ॲट्रोपिन हे स्वस्त औषध आहे. परंतु ते वेळेवर टोचले गेले पाहिजे, रोग्यावर रात्रंदिवस नजर हवी आणि श्वास अडखळला तर कृत्रिम श्वसनाचे यंत्र हवे. महाग आहे ती ही सज्जता. फवारणीचे चार महिने सरले की रिकामी पडणारी खाट कोणता व्यावसायिक राखून ठेवील? त्याला दोष देण्यात अर्थ नाही. धंद्याचा हिशेबच तसा असतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कवच ५ लाख रुपयांपर्यंत नेऊन ते सर्व कुटुंबांना देण्याचा निर्णय शासनाने २०२३ साली घेतला. शस्त्रक्रियेपायी घर गहाण टाकण्याची पाळी त्यामुळे अनेकांवरची टळते, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि विमा देयक भागवितो, रुग्णालय उभारीत नाही. आणि त्याचा पैसा साहजिकच जेथे रुग्णालये आधीच आहेत त्या शहरांकडे वाहतो.

ऐपत नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच मांडले होते. आरोग्यावरील सरकारी खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्यास २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने २०२५ ची मुदत घातली. ती उलटली, उद्दिष्ट मागेच राहिले.

पांढरकवड्यास उपजिल्हा रुग्णालय आहे. फवारणीच्या हंगामात तेथे रात्री कोणता डॉक्टर हजर राहील, ॲट्रोपिनचा साठा किती असेल आणि श्वसनयंत्र चालविणारा माणूस कोण, हे जिल्हा शल्यचिकित्सकांनी दरवर्षी जूनपूर्वी जाहीर करावे, अशी आमची मागणी आहे.