बांधावरची वावळ विकू नका

आपल्या सोलापूर भागात बांधावरची वावळ टनावर विकायचं चाललंय. "फळ नाही, सावलीनं ज्वारी दबते" असं म्हणतात. मला हे पटत नाही.

वावळ म्हणजे आपल्याकडचा एल्म, त्याच कुळातला. कमी पावसात तग धरते. हिवाळा सरताना पानं गाळते. सावली जास्तच वाटली तर फांद्या छाटा, परत फुटतात. मुळासकट काढायची गरज काय?

पण बांधाला नुसती वावळही नको. युरोपात एल्मच एल्म होते. सालीतल्या भुंगेऱ्यांनी बुरशी पसरवली, अन् १९७० नंतर एकट्या ब्रिटनमध्ये दोन कोटींहून जास्त झाडं वाळली. त्यांचा डोंगरी एल्मही सुटला नाही. म्हणून लिंब, बाभळ, चिंच, वावळ अशी मिसळ ठेवा. वावळीच्या परागानं काहींना दम्याचा त्रास होतो, तेव्हा घराजवळ नको, लांबच्या बांधाला बरी.

टनाचे पैसे एकदाच येतात. उन्हाळ्यात तिच्या पापड्या वाऱ्यावर उडतात. त्या गोळा करा अन् पावसाच्या तोंडाला बांधावर टाका.

तुमच्या बांधाला किती वावळी राहिल्यात? सांगा.