तीर्थाला जाताना

चतुर्थी आली की कळंबच्या श्रीचिंतामणीकडे यात्रेकरूंची रीघ लागते. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलेला भक्त चित्तशुद्धीची प्रार्थना करतो. वर रस्त्यावर मात्र त्याच्याच मोटारीचा धूर रेंगाळत असतो. ही विसंगती आपण कुठवर दृष्टिआड करणार?

आगगाडी आपल्या जिल्ह्यास नवी नव्हे. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरील ‘शकुंतला’ने कापूस वाहिला, गोरगरीब उतारू वाहिले, कीर्तनास निघालेल्या माझी पेटीही तिच्यातूनच जाई. ती गेली काही वर्षे बंद आहे. मात्र २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-कळंब या नव्या लोहमार्गाचे उद्घाटन झाले आणि रूळ चिंतामणीच्या गावी आले.

पोलादी रुळावर पोलादी चाक फिरताना घर्षण अल्प होते. म्हणून तोच भार रस्त्यापेक्षा कमी इंधनात ओढला जातो. विजेवरील गाडीची वीजही बरीचशी कोळशापासूनच होते, हे खरे. तथापि शेकडो जण एकत्र गेले, की प्रत्येकाच्या वाट्याचा दोष थोडाच उरतो. रिकाम्या गाडीने मात्र हे पुण्य साधत नाही. म्हणून भाविकांनी तिच्यात बसावे आणि रेल्वेनेही दर्शनास सोयीच्या वेळा ठेवाव्यात.

‘तीर्थ’ हा शब्द ‘तॄ’, म्हणजे तरणे, या धातूपासून झाला आहे. आपण तरून जाताना मागून येणाऱ्यांचा श्वास कोंडणार असेल, तर ती यात्रा कसली?