अर्थ लागत नाही

'सर, अर्थ लागत नाही!' हे वाक्य मी आजवर इतक्या वेळा ऐकले आहे की, ते कानावर पडताच माझा हात आपोआप खडूकडे जातो. ज्ञानेश्वरी चालू असो की मर्ढेकर, मागच्या बाकावरून ते यायचेच. पण नाना पेठेतल्या एका वायरमनने आमच्या मोटारीच्या डॅशबोर्डाखाली उताणे पडून, दोन स्क्रू ओठांत धरून, हेच वाक्य उच्चारले, तेव्हा क्षणभर मला वाटले की, यानेही बहिःस्थ विद्यार्थी म्हणून मराठीला नाव घातले आहे की काय!

"कशाचा?" मी विचारले.

"मीटरचा," तो म्हणाला. "तिन्ही मीटरना अर्थच नाही."

आमची मोटार म्हणजे वडिलांनी १९८६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी. या सदराच्या जुन्या वाचकांना तिची ओळख नव्याने करून द्यायला नको. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या कंपनीची ही लेक. चार सिलिंडर, १०८९ सी. सी. आणि स्वभाव एकंदरीत समजूतदार. बाबांनी ती तीस वर्षे चालवली. मोतीबिंदूनंतर किल्ली माझ्याकडे आली, आणि बाबा शेजारच्या आसनावर आले. डॅशबोर्डावरची मूळची उपकरणे तोवर एकेक करून निवृत्त झाली होती. बाबांचे त्यावाचून काही अडत नसे. माझे अडे. म्हणून २०१९ च्या एप्रिलात मी तीन नवी इलेक्ट्रिक मीटरे आणली. एक पाण्याच्या उष्णतेचे, एक ऑइलच्या दाबाचे आणि एक व्होल्टमीटर. सोबत मिळालेला इंग्रजी कागद समोर ठेवून एका रविवारी ती मी स्वतःच्या हाताने बसवली. एम. ए. झालेल्या माणसाला एक पानभर सूचना कळू नयेत, असे मला वाटले नाही. सौभाग्यवतींना वाटले होते; पण रविवारी घरात वाद नको म्हणून त्या गप्प राहिल्या.

मीटरे झोकात बसली. रात्री दिवे लावले की त्यांच्या तबकड्या हिरव्या उजळत. फक्त एक चमत्कारिक गोष्ट होई. दिवे लावताच तिन्ही काटे एकदम दचकत. कीर्तनात बुवांनी जयजयकार केला की श्रोत्यांच्या माना हलाव्यात, तसे! मला ते मोठे जिवंतपणाचे लक्षण वाटले.

मे महिन्यात आम्ही वाईला निघालो. खंबाटकी घाटाचा चढ निम्मा झाला, तेव्हा बाबा म्हणाले, "थांब जरा. वास येतोय."

मी मीटरकडे पाहिले. काटा ७० अंशांवर स्थिर होता. "बाबा, सत्तर आहे," मी म्हणालो.

"असेल. पण थांब."

"अहो, समोर काटा दिसतोय ना!"

या वाक्यातल्या 'अहो'ला धार होती, हे आज कबूल करतो. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी खिडकीची काच पूर्ण खाली केली, एवढेच. पुढच्या दोन वळणांत बॉनेटच्या फटींतून वाफेचा लोट उसळला. इंजिनाने एक खोल उसासा टाकला आणि गाडी उभी राहिली. काटा ७० वरच होता. हेड गॅस्केट उडाली होती आणि हेडही वाकडे झाले होते. आम्ही रस्त्याकडेच्या दगडावर बसून क्रेनची वाट पाहिली, तेवढा दीड तास बाबांनी फक्त पाऊस यंदा लवकर येईल का, याची चर्चा केली. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते, तर फार बरे झाले असते.

इंजिनाचे काम झाल्यावर मेस्त्रीने मला त्या वायरमनकडे धाडले. तिथे जे शिकलो, ते इथे सांगायला हवे, कारण जुन्या गाडीत हौसेने मीटरे बसवणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत.

आपल्या घरातल्या विजेला जायला एक तार असते आणि परतायला दुसरी. अर्थिंगची तिसरी तार ही संकटकाळची सोय. अंगणात मीठ-कोळसा घालून पुरलेल्या पत्र्यापर्यंत ती जाते, आणि देव करो, तिच्यावर कधी काम न पडो. मोटारीत तसे नाही. तिथे जायला तार आणि परतायला गाडीचे अंगच! बॅटरीचे ऋण टोक बॉडीला जोडलेले असते, आणि दिवा, हॉर्न, मीटर, जो तो आपला प्रवाह त्या पत्र्यातून परत पाठवतो. यालाच मेस्त्री 'अर्थ' म्हणतात. गाडी चार रबरी टायरांवर उभी. भूमातेशी तिचा विजेपुरता काडीचा संबंध नाही. तरी शब्द 'अर्थ'! अमेरिकन माणूस यालाच 'ग्राउंड' म्हणतो, म्हणजे तोही जमीन सोडायला तयार नाही. १८३८ साली म्युनिकच्या श्टाइनहाइल नावाच्या शास्त्रज्ञाला आढळले की, तारायंत्राला परतीची तार ओढण्याची गरज नाही. दोन्ही टोके जमिनीत पुरली की ते काम पृथ्वीच करते. जमिनीचे ते नाव मोटारीच्या पत्र्यालाही चिकटले. भाषेत असे होतेच. शाई म्हणजे मुळात काळी. पण आपण तांबडी शाई बिनदिक्कत म्हणतो.

तर माझा पहिला अपराध असा : तिन्ही मीटरांच्या आणि त्यांच्या दिव्यांच्या अर्थाच्या तारा मी एकत्र पिळून डॅशबोर्डाखालच्या एका पट्टीवर स्क्रूने आवळल्या होत्या. पट्टी रंगवलेली होती. रंग म्हणजे विजेच्या दृष्टीने भिंतच. स्क्रूच्या आट्यांतून जेमतेम वाट मिळत होती आणि दिवे लागताच त्यांचा प्रवाहही त्याच बोळात घुसे. मग मीटरांचे काटे दचकणार नाहीत तर काय?

"तीन मीटर एकदम बिघडत नाहीत, साहेब," वायरमन म्हणाला. "तिघं एकदम नाचले, की दुखणं तिघांचं नाही, अर्थाचं."

त्याने मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला धरले, दुसरे मीटरच्या अर्थाला आणि मला इंजिन चालू करून सगळे दिवे लावायला सांगितले. अर्थ चांगला असेल, तर या दोहोंत एक दशांश व्होल्टच्या आसपास, फार तर दोन दशांश, एवढाच फरक दिसावा. आमच्या गाडीत तो दीड व्होल्टच्या वर गेला. नुसता रोध मोजून मात्र ही गोष्ट कळत नाही. पंचवीस धाग्यांची तार तुटून एक धागा उरला असला, तरी रोध मोजताना सगळे आलबेल दिसते; कारण मल्टिमीटर त्यातून अगदी चिमूटभर प्रवाह सोडतो. परीक्षा घ्यायची ती ओझे लादूनच.

दुसरा अपराध याहून मोठा. उष्णतेच्या मीटरला इंजिनात बसणारा एक पितळी सेन्सर असतो. पाणी तापत जाते तसा त्याचा रोध कमी होतो आणि काटा चढतो. या सेन्सरला तार एकच. परतीची वाट त्याच्या आट्यांतून इंजिनात. पाणी गळू नये म्हणून मी त्या आट्यांवर नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळली होती, तीही चांगली सात-आठ वेढे! एखादा वेढा असता, तर आटे तो कापून धातूला भिडले असते. एवढ्या जाड गादीवर सेन्सर जवळजवळ अधांतरी बसला. वाटेत जादा रोध आला, आणि मीटरला वाटले की पाणी अजून थंडच आहे. वायरमनने एक सुटी तार घेतली. तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे सेन्सरच्या पितळी अंगाला टेकवले. काटा सरसर वर चढला. तार काढली, पुन्हा ७०!

मी त्या काट्याकडे पाहातच राहिलो. घाटात तो मला काय सांगत होता, आणि त्याच्या भरवशावर मी कोणाला काय सांगत होतो!

दुरुस्ती तासाभराची होती. टेप खरवडून काढली आणि आट्यांना बेताचे सीलंट लावले. पॉलिश पेपरने बॉडीचा पत्रा चकचकीत घासून मीटरांच्या अर्थाची जाड तार थिंबल लावून तिथे आवळली. दिव्यांची वेगळी नेली. इंजिन रबराच्या उशांवर बसलेले असल्यामुळे त्याचा बॉडीशी संबंध जुळवणारी तांब्याची विणलेली पट्टी असते. आमची हिरवी पडली होती, तीही बदलली. मीटरांचा धनप्रवाह इग्निशनच्या पुढून घेतला आणि मध्ये छोटा फ्यूज घातला. हा फ्यूज मी 'नंतर पाहू' म्हणून सोडला होता. तार घासून उघडी पडली असती तर तो 'नंतर' आला असता की नाही, देव जाणे.

ऑइलचे मीटर मात्र अजून उलटेच बोलत होते. तिथे घराण्यांची भानगड निघाली. एका घराण्याचा सेन्सर दाब वाढला की १० पासून १८० ओहमपर्यंत चढतो, तर दुसऱ्याचा २४० पासून ३३ पर्यंत उतरतो. मी मीटर एका घराण्याचे आणि सेन्सर दुसऱ्याचा आणला होता. सेन्सर बदलला.

वायरमनला पैसे विचारले. त्याने जो आकडा सांगितला, तो माझ्या एका व्याख्यानाच्या मानधनापेक्षा कमी होता, हे मला आजही थोडे लागते.

जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही पुन्हा तो घाट चढलो. व्होल्टमीटर १४ वर शांत उभा होता. माथ्यावर मी न सांगता गाडी बाजूला घेतली. बाबा उतरले.

"किती दाखवतोय?" त्यांनी विचारले.

"अठ्ठ्याऐंशी."

ते पुढे गेले, बॉनेटवर तळहात टेकवून क्षणभर उभे राहिले, आणि हात काढून धोतराला पुसत म्हणाले, "असेल. चल, पण हळू ने."