कपाट रिकामं, कोनशिला चकचकीत

गेल्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नव्या इमारतीचं लोकार्पण झालं. मांडव, सत्कार, शाली, पाहुणे तीन तास उशिरा, सगळं यथासांग. कोनशिलेवर नावांची इतकी दाटी झाली होती की शेवटच्या ओळीची अक्षरं बारीक करावी लागली. कोनशिलांविषयीचं माझं मत वाचकांना तोंडपाठ आहे, तेव्हा पुन्हा उगाळत नाही. म्हणजे, लेखाच्या शेवटापर्यंत तरी.

मी गेलो ते मांडव उतरल्यावर, ओपीडीच्या वेळेला. औषधाच्या खिडकीपाशी पासष्टीच्या एक बाई उभ्या होत्या. रक्तदाबाचा आजार, डॉक्टरांनी महिनाभराच्या अम्लोडिपिनच्या गोळ्या लिहून दिलेल्या. खिडकीतून आल्या दहा. "आजी, एवढ्याच आहेत. संपल्या की परत या, नाहीतर बाहेरून घ्या." बाहेरून म्हणजे तालुक्याच्या मेडिकलमधून. परत इथेच येण्यासाठी लागणारं वडापचं जाण्यायेण्याचं भाडं आणि खुरपणीची बुडालेली रोजी जमेस धरली, तर सरकारची ही फुकट गोळी दुकानातल्या विकतच्या गोळीहून महाग पडते. फार्मासिस्टवर राग काढण्यात अर्थ नव्हता. त्याने मागणी कधीच नोंदवली होती, कंप्युटरवर मला दाखवलीही. मागितलेल्या गोळ्या आल्या नव्हत्या आणि न मागितलेल्या खोकल्याच्या औषधाचे खोके भिंतीला लागून छातीइतके रचलेले होते. त्यावरची मुदत पावसाळ्याआधीच संपणार. मार्चअखेर जवळ आला की वरून असा माल उतरतो, हे तो इतक्या सहजपणे म्हणाला, की जणू ऋतूबद्दलच बोलतोय.

निधीवरच्या माझ्या लेखानंतर एका निवृत्त अधिकाऱ्यांनी पत्रातून सुनावलं होतं, "पैसा पडून असतो, खर्च होत नाही, तुम्ही कसला जास्तीचा मागता?" अहो, दोन्ही मागायचं. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना 2020 पर्यंत अर्थसंकल्पाचे 8 टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्चायला सांगितलं होतं. महाराष्ट्र त्याच्या आसपासही फिरकलेला नाही. पण पैसा वाढवला आणि वाटेची गळती तशीच ठेवली तर वाढतील ते भिंतीजवळचे खोके.

म्हणून मी पुन्हा तमिळनाडूकडे वळतो. कंटाळा आला असेल तरी सोबत यावं लागेल, कारण दुसरं इतकं बोलकं उदाहरण मला सापडलेलं नाही. 1994 साली त्यांनी औषधखरेदीसाठी सरकारी महामंडळ काढलं आणि 1995 च्या सुरुवातीपासून त्याचं काम चालू झालं. निविदा एकच, साऱ्या राज्याची. त्यामुळे भाव पडला. माल जिल्ह्याच्या गोदामात येतो. प्रत्येक बॅचचा नमुना कंपनीची ओळख झाकून प्रयोगशाळेत जातो आणि तिथे पास झाल्याशिवाय गोदामाबाहेर पडत नाही. एवढं तर आपणही कागदावर करतो. खरी गंमत पुढे आहे. तिथल्या प्रत्येक सरकारी दवाखान्याला एक पासबुक असतं. त्यात वर्षाची रक्कम जमा असते, पण ती रोख मिळत नाही, औषधांच्या रूपातच मिळते. डॉक्टरने आपल्याकडे काय खपतं ते बघायचं, गोदामातून तेवढं उचलायचं, किंमत पासबुकातून वजा. भाव चेन्नईत ठरतो, निवड गावात होते.

आपल्याकडे भावही वर आणि निवडही वर. पंगतीत बसावं आणि वाढपी वाढेल ते निमूट गिळावं, तशी आपल्या आरोग्य केंद्राची गत. आणि वाढपी तरी एक आहे का? 2017 मध्ये खरेदी सरकारच्याच हाफकिन महामंडळाकडे दिली. 1897 साली मुंबईत प्लेगची लस शोधणाऱ्या माणसाचं नाव निविदांच्या भांडणात ओढलं गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं. मग 2023 मध्ये कायदा करून नवं खरेदी प्राधिकरण आणलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात एका दिवसात 24 मृत्यू झाले, तेव्हा औषधं होती की नव्हती यावर टीव्हीवर आठवडाभर कुस्ती चालली. खरेदीचा मालक बदलला. खिडकीतला फार्मासिस्ट काय मागतो, हे ऐकायची सोय मात्र झाली नाही.

निवड गावात का हवी, ते कोकणाला विचारा. डॉ. हिंमतराव बावस्कर 1970 च्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा विंचूदंशाने डोळ्यांदेखत माणसं जायची. गंभीर रुग्णांत शंभरातले चाळीसेक दगावत. पुढे त्यांनी प्राझोसिन वापरून पाहिलं. तीही रक्तदाबाचीच गोळी, स्वस्तातली. मृत्यू शंभरात एखाद्यावर आले. आता मुंबईत बसून साऱ्या राज्याची यादी करणाऱ्या बाबूला लाल विंचू कुठल्या तालुक्यात जास्त, हे का माहीत असावं? पासबुक डॉक्टरच्या हातात असेल तर बाबूला ते माहीत असण्याची गरजच उरत नाही.

"तमिळनाडूची गोष्ट वेगळी" हे ठरलेलं उत्तर मला येणारच. मग राजस्थान घ्या. त्यांनी 2011 मध्ये तोच नमुना उचलून मोफत औषध योजना काढली, आणि राजस्थानच्या आरोग्यखात्याला जन्मजात शहाणं म्हणायला कुणी धजावणार नाही. औषधं तमिळनाडूतही कधीमधी संपतात. पण तिथे औषध संपलं की संपल्याचं कुणाच्या तरी खात्यात दिसतं. आपल्याकडे ते फक्त आजीच्या पिशवीत दिसतं.

आणि आजीला उद्या अर्धांगवायू झालाच, तर महात्मा फुले योजनेत 5 लाखांपर्यंत उपचार आहेतच, शहरातल्या रुग्णालयात. गोळीला पैसे नाहीत, पक्षाघाताला आहेत.

आता कोनशिला. माझा एक पक्का संशय आहे, तो कुणीतरी आकडे जमवून खोडावाच: कोनशिलेवर नावं जितकी जास्त, तितकं औषधाचं कपाट रिकामं. इमारतीला फीत असते, गोळीच्या पाकिटाला नसते. पासबुकावर पालकमंत्र्यांचा फोटो छापायची सोय केली, तर महाराष्ट्रात ही पद्धत पुढच्या अधिवेशनाआधी लागू होईल, याबद्दल मला शंका नाही.

तोवर एक काम. हे सदर वाचणारे बरेच जण आपापल्या गावच्या रुग्ण कल्याण समितीवर आहेत, पत्रांवरून ते कळतं. पुढच्या बैठकीत इमारतीच्या रंगाचा विषय निघण्याआधी साठा नोंदवही मागवा आणि रक्तदाब, मधुमेह, सर्पदंश या तीनच नोंदी वाचा: मागितलं किती, आलं किती, कधी. नोंदवहीच्या पानाचा फोटो मला पाठवा. गावाचं नाव छापणार नाही, तारखा छापीन.